मेडिकलचा विचार आहे, मेजर मात्र ठरलेला नाही

दरवर्षी मे महिन्यात कॉलेजचे प्रवेश पक्के झाले, की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये एक वाद हमखास पेटतो. मुलगी म्हणते, मेडिकलचा विचार आहे, पण मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, आत्ता लिहीत नाही, अनडिक्लेअर्ड म्हणून जाते. घरच्यांच्या पोटात गोळा येतो. मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या टेबलावर, फोनवरून नाशिकच्या मावशीपर्यंत विषय पोचतो आणि दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं असं, की ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याने बायॉलॉजी घ्यावी, नाहीतर सरळ कॉलेज आणि मेडिकल स्कूलचा प्रवेश एकदमच देणाऱ्या आठ वर्षांच्या बीएस-एमडी प्रोग्रॅमला जावं. मेजर न लिहिणं म्हणजे मुलाला धड काही ठरवता येत नाही. दुसरी बाजू म्हणते, मुलांना मनासारखं करू द्या, पुढचं पुढे बघता येईल. मला दोन्ही युक्तिवाद कच्चे वाटतात. मेडिकल स्कूलचा प्रवेश इथे प्रत्यक्षात कसा होतो हे बाजूला ठेवून दोन्ही बाजू मुलाच्या स्वभावावर निकाल देऊन मोकळ्या होतात. मेडिकल मनात आहे पण खात्री नाही, अशा अठरा वर्षांच्या मुलाने अनडिक्लेअर्ड जाण्यात काही चूक नाही, उलट बहुतेकांसाठी तोच जास्त शहाणपणाचा रस्ता आहे, असं माझं ठाम मत आहे. अट एकच: पहिल्या सेमिस्टरपासून केमिस्ट्री सुटता कामा नये.

आधी रचना नीट बघू. अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची मूळ पदवी, आणि ते कॉलेजच्या पदवीनंतरचं शिक्षण आहे. चार वर्षं कॉलेज, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, अर्ज, मुलाखती, मग चार वर्षं मेडिकल स्कूल आणि पुढे शाखेप्रमाणे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. मेडिकल स्कूल अर्जदाराकडून मागतं ते ठरावीक विषय. साधारणपणे लॅबसह एक वर्ष बायॉलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑरगॅनिक केमिस्ट्री, एक वर्ष फिजिक्स, शिवाय बायोकेमिस्ट्री, थोडं संख्याशास्त्र आणि इंग्रजी लेखन. यादी प्रत्येक ठिकाणी थोडी बदलते, पण अमुक मेजर नसेल तर अर्जच करू नका, असं मेडिकल स्कूल सांगत नाहीत. बहुतेक कॉलेजांत प्री-मेड नावाचा मेजरही नसतो; असतात ते विषय, आणि ते कधी घ्यायचे हे सांगणारा अ‍ॅडव्हायझर. मेजर जाहीर करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत असते. मग पहिल्या वर्षी मेजर न लिहिल्याने मेडिकलची नेमकी कोणती संधी जाते? आग्रह धरणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, आणि ते त्यांच्याकडे नसतं.

त्यांचं पहिलं हत्यार म्हणजे आकडे. मेडिकल स्कूलमध्ये दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण बायॉलॉजी किंवा तिच्या जवळच्या विषयांचे असतात, हे खरं आहे. पण अर्ज करणाऱ्यांतही निम्म्याहून अधिक तेच असतात, हे कोणी सांगत नाही. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही संस्था मेजरप्रमाणे अर्ज आणि प्रवेश यांचे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करते. त्यांत इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान शिकलेल्या अर्जदारांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण बायॉलॉजीवाल्यांपेक्षा कमी नाही, थोडं जास्तच दिसतं. यावरून मुलांनी साहित्यच घ्यावं, असा निष्कर्ष मी काढणार नाही, आणि दुसऱ्या तटाने तो काढू नये. साहित्य शिकून ऑरगॅनिकही पार करून अर्जापर्यंत पोचणारी मुलं संख्येने थोडी आणि मुळात निवडक असतात. आकडा त्यामुळेही वर जातो. एवढं मात्र त्यातून निश्चित कळतं, की निवड समिती मेजरच्या नावावर दार बंद करत नाही. एमकॅटमध्ये २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा एक पूर्ण विभाग आहे. डॉक्टरला माणूस आणि त्याची परिस्थिती कळायला हवी, ही अपेक्षा आता प्रवेशपरीक्षेतच आली आहे.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने तर १९८७ पासून एक धाडसी प्रयोग केला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी आधीच प्रवेश देऊन टाकला. एमकॅट नाही, ऑरगॅनिक नाही, नेहमीचं वर्षभराचं फिजिक्स नाही. २०१० साली या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. लायसन्सच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात त्यांचे गुण थोडे कमी होते, ते लपवायचं कारण नाही. पण वॉर्डात, रुग्णांसमोर काम करताना ती मुलं इतरांच्या बरोबरीने उभी राहिली. हॅरल्ड व्हार्मस यांचं उदाहरण मला याच संदर्भात आठवतं. वडिलांसारखं डॉक्टर व्हायचं म्हणून ते अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजात गेले, पदवी घेतली इंग्रजी साहित्यात, हार्वर्डमध्ये इंग्रजीचंच पुढचं शिक्षण सुरू केलं, आणि मग तिथून कोलंबियाच्या मेडिकल स्कूलमध्ये आले. १९८९ साली कर्करोगाच्या जनुकांवरील संशोधनासाठी त्यांना नोबेल मिळालं. नोबेल विजेत्याचं उदाहरण सामान्य मुलाला लावू नये, हे मान्य. पण त्यांची वाट या देशात नियम मोडून काढलेली नव्हती. ती नियमांत बसत होती, आजही बसते.

मग आपल्या घरांत इतकी भीती कुठून येते? ती खोटी नाही, तिचं मूळ आपल्या शिक्षणात आहे. महाराष्ट्रात दहावीनंतर सायन्स घेतलं नाही, बारावीला पीसीबी नसलं, तर एमबीबीएसचा रस्ता तिथेच संपत आला. २०२४ मध्ये नीटला चोवीस लाखांच्या आसपास नोंदणी होती आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. त्या व्यवस्थेत सोळाव्या वर्षी ठरवावंच लागतं, कारण उशीर झालेल्याला आत यायला दुसरी खिडकीच नाही. ज्या पालकांनी लातूरच्या किंवा पुण्याच्या क्लासमध्ये ही शर्यत पाहिली, स्वतः तिच्यातून इंजिनिअरिंगला गेले आणि पुढे इथवर आले, त्यांनी मुलाच्या ‘अजून नक्की नाही’ला घाबरणं मी समजू शकतो. त्यांच्या आयुष्यात लवकर ठरवण्यानेच त्यांना वाचवलं. पण ती गरज तिथल्या प्रवेशपद्धतीची होती. तिला स्वभावाचा गुण समजून इथल्या मुलाला त्याच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. जिथे व्यवस्थाच दोन वर्षांची मुदत देते, तिथे ती मुदत वापरणाऱ्याला आळशी का म्हणायचं?

या वादात कोणी ना कोणी आनंदीबाई जोशींचं नाव काढतंच, आणि तो मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कल्याणची मुलगी, १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून बोटीने अमेरिकेला आली, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिचं अठराव्या वर्षी ठरलं होतं, मग आपल्या मुलांचं का ठरू नये? ज्यांचं लवकर ठरतं त्यांच्या निर्धाराला मी कमी लेखत नाही. तसं ठरलेल्या मुलाने खुशाल पहिल्या दिवशी मेजर लिहावा. पण आनंदीबाईंचा निर्धार आला कुठून, ते पाहायला हवं. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि उपचारांअभावी ते काही दिवसांतच गेलं. स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज का आहे, हे त्यांना कोणी पटवून द्यावं लागलं नाही. जाण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात लोकांसमोर उभं राहून त्यांनी आपण का जातो आहोत याची कारणं सांगितली होती. त्यांची खात्री जगण्याच्या आघातातून आली होती. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या सुरक्षित घरात वाढलेल्या मुलाकडे तशी खात्री नसेल, तर तो त्याचा दोष कसा? त्याला ती मिळवावी लागणार. इमर्जन्सी रूममध्ये स्वयंसेवक म्हणून उभं राहून, डॉक्टरांच्या मागे शॅडोइंग करून, नर्सिंग होममधल्या वृद्धाला भरवून, लॅबमध्ये महिनोन् महिने फसलेले प्रयोग पुन्हा करून. बायॉलॉजीचा फॉर्म भरल्याने ती मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. आनंदीबाईंच्या वेळी अमेरिकेत मेडिकलला जायला आधीची पदवी लागत नसे. ती अट नंतर आली, आणि ती जाणूनबुजून घातली गेली. जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल १८९३ मध्ये उघडलं. तेव्हा मोठी देणगी देणाऱ्या मेरी गॅरेट यांनी दोन अटी घातल्या: स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे पदवीबरोबरच फ्रेंच आणि जर्मन वाचण्याइतकं ज्ञान. १९१० साली शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडामधली १५५ मेडिकल स्कूल पाहून अहवाल लिहिला आणि हॉपकिन्स हा नमुना ठरला. कॉलेजमध्येही त्याच काळात असाच खल चालू होता. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासूनच्या चाळीस वर्षांत विद्यार्थ्यांना जवळपास सगळे विषय निवडण्याची मुभा दिली. मुलं सोपे विषय घेऊन चार वर्षं काढतात, अशी ओरड झाली. त्यांच्यानंतर आलेल्या लोवेल यांनी एका विषयात खोली आणि बाकीच्यांत विस्तार असा समझोता केला. आज आपण ज्याला मेजर म्हणतो त्याची घडण त्या समझोत्यात आहे. म्हणजे अठराव्या वर्षी थोडं फिरून पाहायचं, विसाव्या वर्षी एका जागी खणायला लागायचं आणि त्यानंतर वैद्यकाकडे वळायचं, हा क्रम कोणाच्या लहरीने पडलेला नाही. शंभर वर्षांच्या वादातून तो ठरला आहे.

या इतिहासाची काळी बाजूही आहे. फ्लेक्सनरच्या अहवालानंतर कृष्णवर्णीयांसाठीच्या सातपैकी पाच मेडिकल स्कूल बंद पडल्या. लांब आणि महाग शिक्षणाने गरिबांना बाहेर ठेवलं, आजही ठेवतं. म्हणून पैशाचा मुद्दा मांडणाऱ्यांना मी हसण्यावारी नेत नाही. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद होत आहे, आणि मेडिकलसारख्या शिक्षणाला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर ठरली आहे. अनेक खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च याच्या कितीतरी वर जातो. अशा वेळी ‘मुलाने वेळ वाया घालवू नये’ हे पालकांचं म्हणणं रास्त आहे. पण केमिस्ट्री वेळेवर सुरू केली, तर अनडिक्लेअर्ड जाण्याने एक सेमिस्टरही वाढत नाही. तेवढीच क्रेडिट्स, तीच चार वर्षं, तीच फी. उलट २ लाखांच्या कर्जावर सही करण्याआधी आपल्याला हे काम खरोखर करायचं आहे का, हे ज्याने तपासून पाहिलंय त्याचा पैसा जास्त सुरक्षित आहे. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी डोक्यावर कर्ज घेऊन ‘हे माझं नाही’ असं कळणं, याहून महाग चूक कोणती?

आता ज्या तीन आक्षेपांपुढे मी थांबतो, ते. पहिला वेळापत्रकाचा. केमिस्ट्रीचे विषय पायरीपायरीने येतात. पहिल्या वर्षी जनरल, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक, मग बायोकेमिस्ट्री, आणि तिसऱ्या वर्षाच्या वसंतात एमकॅट. पहिल्या फॉलमध्ये, म्हणजे पहिल्याच सेमिस्टरला, केमिस्ट्री राहिली, तर पुढचं सगळं एकेक वर्ष मागे सरकतं. अनडिक्लेअर्ड मुलाला अनेकदा सर्वसाधारण अ‍ॅडव्हायझर मिळतो, त्याच्या डोक्यात ही साखळी नसते, आणि ‘अजून ठरायचंय ना, मग आवडीचं घे’ असा सल्ला मिळून मूल मागे पडतं. ‘पुढचं पुढे’ म्हणणाऱ्यांनी याची जबाबदारी घ्यायला हवी. म्हणूनच माझी केमिस्ट्रीची अट आहे. शाळेत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, केमिस्ट्रीला पाचपैकी पाच मिळाले म्हणून निश्चिंत राहू नये. काही मेडिकल स्कूल ते क्रेडिट धरत नाहीत. दुसरी अडचण मर्यादित जागांच्या मेजरची. मोठ्या सरकारी विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, कधी नर्सिंग यांत नंतर शिरणं फार अवघड झालं आहे. मुलाच्या मनात मेडिकलला पर्याय म्हणून कॉम्प्युटर सायन्स असेल आणि विद्यापीठ बाहेरून आत घेत नसेल, तर अनडिक्लेअर्ड जाणं मी सुचवणार नाही. पण बायॉलॉजी, इतिहास, सार्वजनिक आरोग्य, मानसशास्त्र यांच्यात मन घुटमळत असेल, तर ही अडचण सहसा येत नाही.

तिसरा आक्षेप याहून गंभीर, आणि तो आपल्याच लोकांचा आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या कुटुंबातली मुलं आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या एच-फोर व्हिसावर वाढतात आणि एकविसाव्या वर्षी त्या छत्राखालून बाहेर पडतात. कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात, नेमक्या मेडिकलच्या अर्जाच्या तोंडावर, तिसरीपासून इथे शिकलेलं मूल कागदोपत्री परदेशी विद्यार्थी होतं. अनेक मेडिकल स्कूल परदेशी अर्जदार घेतच नाहीत. घेणाऱ्यांपैकी काही खर्चाची तरतूद आधी दाखवायला सांगतात, आणि सरकारी कर्ज मिळत नाही. अशा मुलाला मेजरचा विचार लवकर करावाच लागतो, आणि त्याचं कारण वैद्यकाशी संबंधित नसतं: विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मेजरला पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, एकूण तीन वर्षं काम करता येतं, इतरांना एकच वर्ष. या मुलांच्या बाबतीत मी माझं मत आवरतं घेतो. त्यांना मोकळेपणाने फिरून पाहण्याची चैन या देशाने ठेवलेली नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. पण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या मुलाला घाई करताना त्यांचं उदाहरण पुढे करू नये.

बीएस-एमडी प्रोग्रॅमचं आकर्षणही मला कळतं. एकदा नंबर लागला की घरादाराला झोप लागते. पण ब्राउनचा आठ वर्षांचा, सगळ्यात हवाहवासा वाटणारा प्रोग्रॅम विद्यार्थ्यांना कोणताही विषय निवडायची मोकळीक देतो, किंबहुना त्याची भूमिकाच ती आहे. नॉर्थवेस्टर्नने १९६१ मध्ये सुरू केलेला असा प्रोग्रॅम तर अलीकडे बंद केला. आणि जागा इतक्या थोड्या, की त्यावर घराचं धोरण आखता येत नाही.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल आपण कुजबुजतसुद्धा नाही. २०२३-२४ साठी सुमारे ५२ हजार जणांनी एमडीसाठी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांनी प्रवेश घेतला. म्हणजे अर्ज करणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा त्या वर्षी नंबर लागला नाही, आणि ऑरगॅनिकनंतर वाट सोडून देणारे तर या मोजणीत येतही नाहीत. त्यांच्यापैकी ज्यांनी केवळ मेडिकलसाठी म्हणून, मनाविरुद्ध बायॉलॉजी घेतली, त्यांच्या हाती बाविसाव्या वर्षी काय राहतं? न आवडलेल्या विषयाची पदवी, बहुधा बेताचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, आणि ‘तुझं झालं नाही’ ही घरातली शांतता. ज्याने दोन वर्षं शोधून आपला विषय निवडला त्याचाही नंबर हुकू शकतो, पण त्याच्याजवळ एक पूर्ण शिक्षण असतं. मेजर आधी लिहिल्याने तो पक्का होतो, हाही भ्रमच आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत, पदवीसाठी दाखल होऊन मेजर जाहीर केलेल्यांपैकी एक तृतीयांश मुलांनी तीन वर्षांच्या आत तो बदललेला आढळला. बदलायचंच असेल तर आधी जाहीर करून घरच्यांची मनं मोडण्यापेक्षा विचार करून एकदाच ठरवणं बरं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून आलेल्या एका मराठी सर्जनचा, ओहायोत वाढलेला मुलगा अतुल गवांदे. आईवडील दोघंही डॉक्टर. स्टॅनफर्डला त्यांनी बायॉलॉजीबरोबर राज्यशास्त्र घेतलं, ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र शिकले, हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमधून मध्येच बाहेर पडून १९९२ च्या निवडणूक मोहिमेत आरोग्य धोरणावर काम केलं, आणि मग परत येऊन सर्जन झाले. शस्त्रक्रियेतली सुरक्षितता आणि सार्वजनिक आरोग्य यांवरचं त्यांचं पुढचं काम या फिरण्याशिवाय झालं असतं, असं मला वाटत नाही. डॉक्टरांच्या घरात वाढूनही ते सरळ रेषेत गेले नाहीत. आपण त्यांचा अभिमान बाळगतो, सत्कार करतो, आणि घरी येऊन मुलाला म्हणतो, इकडेतिकडे बघू नकोस.

जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांचं ओरिएंटेशन असतं, पहिल्या फॉलचे विषय तिथे नोंदवले जातात. त्या दिवशी पालकांनी मेजर विचारू नये, विषय विचारावेत. केमिस्ट्री आणि तिची लॅब आहे का? गणित किंवा संख्याशास्त्र आहे का? भरपूर लिहावं लागेल असा एक तरी विषय आहे का? आणि ज्याचा मेडिकलशी काही संबंध नाही, पण ज्यासाठी मूल सकाळी उठून जाईल, असा एक विषय आहे का? विद्यापीठांकडूनही मागणी व्हायला हवी. अर्जात मेडिकलची इच्छा नोंदवलेल्या प्रत्येक अनडिक्लेअर्ड विद्यार्थ्याला पहिल्याच सेमिस्टरला प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायझर मिळाला पाहिजे. आज अनेक ठिकाणी तो मेजर ठरल्यावर किंवा दुसऱ्या वर्षी, विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढला तर भेटतो. फीमध्ये सल्ल्याचे पैसे पहिल्या दिवसापासून घेतले जातात, मग सल्लाही पहिल्या दिवसापासून द्यावा. पालकांच्या सभांमध्ये जेवणाच्या आणि पार्किंगच्या प्रश्नांबरोबर हा प्रश्न विचारला गेला, तर ज्यांच्या घरात मेडिकलची वाट आधी कोणीच चाललेलं नाही, त्या मुलांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.